बरणीतून आलेला पाहुणा

मुलुंडला आमच्या चाळीच्या मागे एक विहीर होती आणि तिच्यात सरकारी मासे होते. पावसाळा तोंडावर आला की खाकी कपड्यांतला एक माणूस पत्र्याचा डबा घेऊन येई, विहिरीच्या काठाशी उकिडवा बसून तो डबा दोरीने हळूहळू खाली सोडी, आणि नखाएवढे करडे मासे त्या काळ्या पाण्यात दिसेनासे होत. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा येई, आत डोकावून पाही, वहीत काहीतरी टिपून घेई व निघून जाई. ह्या माशांना आम्ही मुले गप्पी म्हणत असू. ते पाण्याच्या वरच्या थरात घोळका करून सदा तोंडे हलवत असतात, म्हणजे गप्पाच मारतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले, अशी माझी कित्येक वर्षे प्रामाणिक समजूत होती.

१९६४ साली, मी सातवीत असताना, त्या विहिरीतले गप्पी मेले. ते माझ्यामुळे मेले. ही गोष्ट आजवर मी कोणाजवळ बोललो नाही. आता बोलतो आहे, कारण तिच्या पाठीमागे एक लहानसा इतिहास आहे असे मला पुढे कळत गेले. काचेच्या पेटीत नवा मासा आणून सोडला की आठवड्याच्या आत जुनेनवे सगळेच मासे का मरू लागतात, एवढाच त्यातला प्रश्न; पण मुंबईत राहून त्याचे उत्तर शोधू गेले तर हिवतापापासून प्लेगापर्यंत पुष्कळ ठिकाणी हिंडून यावे लागते.

आधी गप्पींचे सांगतो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला व त्रिनिदाद बेटावरचा. व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून पीटर्स नावाच्या जर्मन पंडिताने १८५९ साली त्याचे पहिले वर्णन केले. पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी ह्या गृहस्थांचे. त्यांनी लंडनला धाडलेल्या माशांना ग्युंथरने १८६६ साली त्यांचे नाव दिले होते. शास्त्राच्या नियमाने ते नाव पुढे रद्द झाले, पण नियम वाचून कोणी माशांना हाका मारत नाही. हा मासा अंडी न घालता पिले देतो, गढूळ पाण्यातही तग धरतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. ह्या गुणांमुळे १९०८ साली तो हिंदुस्थानात आणला गेला. त्याचा भाऊबंद गँबुसिया इटलीमार्गे आला तो १९२८ साली.

मुंबईला अशा माशांची गरज होती. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली ह्यांनी मुंबईच्या हिवतापासंबंधी आपला अहवाल दिला. शहरातल्या हिवतापाचा डास दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरींत वाढतो, हे त्यातले मुख्य म्हणणे. मग विहिरी बुजवा किंवा बंद करून झाका, असा धोशा सुरू झाला आणि त्यावरून तंटेही झाले. पारशी असो की हिंदू, दारच्या विहिरीचे पाणी त्याला देवाच्या कामी लागे. ते नळाच्या पाण्याने भागवावे हे कित्येकांना पटेना. जी विहीर बुजवता येत नाही तिच्यात मासे सोडणे, हा त्यातला मधला मार्ग. १९५० साली मुंबईची हद्द वाढून जवळची उपनगरे आत आली, १९५७ साली ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली, आणि शहराबरोबर शहराचे गप्पीही आमच्या दारात आले. हे काम महापालिका आजही करते. माणसाला ताप येऊ नये म्हणून नेमलेले हे पाण्यातले वैद्य. त्या वैद्यांना रोग झाला तर काय, हा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. माझ्या तर नव्हताच.

आता माझी गोष्ट. दादा नुकताच रेल्वेत चिकटला होता आणि पहिल्या दोन पगारांतून त्याने एक मत्स्यपेटी आणली होती. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात लांबी भरून बसवलेल्या चार काचा, आणि आत चार सोनेरी मासे. आमच्या दोन खोल्यांत ती पेटी म्हणजे राजवाड्यातला आरसेमहाल वाटे. संध्याकाळी दिवा लावला की चाळीतली पोरे दारात गर्दी करत. आठ महिने ते मासे सुखाने नांदले. मग दादाला शिकवणीच्या कामासाठी भुसावळला जावे लागले व जाताना त्याने पेटी माझ्या हवाली केली.

मला तिच्यात भर घालायची होती. साठवलेले पैसे घेऊन मी शहरात गेलो आणि मंडईकडच्या एका दुकानातून दोन काळे मॉली घेतले. त्या काळी मासे आजच्यासारखे प्लॅस्टिकच्या पिशवीतून मिळत नसत; घरूनच मुरांब्याची बरणी नेली होती. व्हीटीहून मुलुंडपर्यंत ती बरणी छातीशी धरून मी उभ्याने आलो. घरी येताच बरणी पेटीत उपडी केली. पाहुण्याला दारात उभे करू नये, हे आपल्याकडे शिकवलेलेच असते.

तिसऱ्या दिवशी मॉलींच्या काळ्या मखमली अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे दाणे दिसू लागले. पाचव्या दिवशी ते सोनेरी माशांच्या शेपट्यांवरही आले. मासे खालच्या वाळूवर अंग घासत, मग वर येऊन धापा टाकत. आई म्हणाली, "अगं बाई, ह्यांना देवी आल्या की काय!" शेजारच्या काकूंनी हळदीची चिमूट टाकली. पाणी पिवळे झाले, दुसरे काही झाले नाही. आठव्या दिवशी दोन सोनेरी मासे आडवे तरंगत होते.

आजीने हे सगळे कोपऱ्यातून पाहिले होते. ती म्हणाली, "प्लेगात आम्ही गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिलो होतो. परगावचा कोणी आला, सख्खा जावई असला तरी, त्याला दहा-बारा दिवस लांबच्या झोपडीत ठेवीत. तुझ्या ह्या काळ्यांना आधी निराळे ठेवायला हवे होतेस." आजीला अक्षर वाचता येत नव्हते. माशांच्या रोगावर मी पुढे जे जे वाचले त्यात तिच्या ह्या बोलण्यापलीकडचे उपयोगी असे फार थोडे निघाले. पण तेव्हा मी ऐकले ते मला रागावल्यासारखे, आणि उपयोग तरी काय होता? मॉली केव्हाच आत गेले होते.

उरलेल्या माशांचे काय करावे हा प्रश्न पडला. आमचे घर मासे खाणारे. बुधवारी-रविवारी पापलेटाचे तुकडे करताना आईचा हात कधी कापला नाही. पण पेटीतल्या माशाला मारायचे म्हटल्यावर तिने कानांवर हात ठेवले. "मुका जीव आहे, वाहत्या पाण्यात सोड," ती म्हणाली. वाहते पाणी जवळ नव्हते. विहीर होती. मोकळ्या पाण्यात गेले तर बरेही होतील, असेही माझ्या मनात आले. मी पेटी रिकामी केली: मासे, पाणी, वाळू, सगळे विहिरीत. दादाला सांगितले, कावळ्यांनी नेले.

दहा-बारा दिवसांत विहिरीच्या पाण्यावर गप्पी तरंगू लागले. खाकीतला माणूस आला तेव्हा त्याने आत पाहिले, चुकचुकला, आणि डब्यातले नवे गप्पी सोडून गेला. ते त्याचे कामच होते. त्याला खरे सांगणे हे माझे होते, ते मी केले नाही. तो नवा घोळकाही पंधरवड्यात विरळ झाला. त्या पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या मुलाला थंडीताप आला. डास काही एकट्या विहिरीत होत नव्हते, गटारे होती, पिंपे होती. तरी त्याच्या आईने घोंगडी आणायला मला पिटाळले, तेव्हा माझे पाय जड झाले होते हे मला आठवते.

पांढऱ्या दाण्यांच्या ह्या रोगाचे नाव मला पुढे पंचवीस वर्षांनी कळले. जुन्या ग्रंथांत पाहिले तर तिथे मासे पुष्कळ, माशांचे आजार नाहीत. घोड्यांसाठी आपल्याकडे शालिहोत्र आहे, हत्तींसाठी पालकाप्याचे शास्त्र आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरणच आहे. त्यात माशांच्या जाती आहेत, त्यांना कोणते खाद्य घालून माणसाळवावे ते आहे, गळ कसा टाकावा ते आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली ह्या प्रकरणावर लिहून ते आधुनिक अभ्यासकांसमोर आणले. राजाने माशांना पोसले ते गळाला लावण्यासाठी. घोडा आजारी पडला तर लढाई अडते, हत्ती आजारी पडला तर मिरवणूक अडते. नदीतला मासा आजारी पडला तर तो खाली बुडतो किंवा बगळा त्याला नेतो, आणि कोणाचे काही अडत नाही. माशाला रोगी म्हणून पाहायचे तर आधी त्याला काचेमागे ठेवावे लागते.

ही काच आली विलायतेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पाण्यात वनस्पती ठेवल्या तर त्या माशांना प्राणवायू पुरवतात हे रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० साली दाखवले, १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढल्या वर्षी फिलिप हेन्री गॉसचे पुस्तक निघाल्यावर तिकडच्या दिवाणखान्यांतून मत्स्यपेट्यांची लाटच आली. आणि मग, ज्याला आजवर कोणी पाहिले नव्हते ते मरण दिवाणखान्यात दिसू लागले. १८७६ साली फ्रान्समध्ये फूके ह्याने पाळीव ट्राउट माशांवरच्या पांढऱ्या दाण्यांतला जीव ओळखून त्याला नाव दिले: इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. नाव भयंकर आहे, पण अर्थ अगदी घरगुती. इक्थिस म्हणजे मासा, फ्थिर म्हणजे ऊ, आणि मल्टिफिलिस म्हणजे बहुपुत्र. माशांवरची लेकुरवाळी ऊ! प्रत्यक्षात ती ऊ नव्हेच. एका पेशीचा जीव आहे तो. पण लेकुरवाळेपणाबद्दल फूकेची काही चूक झाली नाही.

ह्या प्राण्याचे आयुष्य समजून घेतल्यावाचून पुढले काही समजत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तो तिथे खात वाढतो. आपल्याला दिसतो तो पांढरा दाणा म्हणजे आत बसलेला हा जीव, फार तर एक मिलिमीटरचा. वाढ पुरी झाली की तो मासा सोडतो, तळाला जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि कवचात त्याचे दोन, चार, आठ असे तुकडे होत जाऊन शेकडो पिले होतात, कधी हजारापर्यंत. कवच फुटले की ही पिले पोहत मासा शोधू लागतात. सुमारे दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. आपल्याकडच्या कोमट पाण्यात हे सारे चक्र आठवड्याभरात फिरते.

ह्यात दोन गोष्टी आहेत. अंगावरच्या दाण्याला औषध लागत नाही, कारण तो माशाच्याच कातडीचे पांघरूण घेऊन बसलेला असतो. औषध लागते ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पोरांना. म्हणून एक दिवस औषध घालून दाणे गळलेले पाहिले आणि बरे वाटले असे समजून थांबले, की पुढल्या आठवड्यात शेकडोंची फौज उभी. आणि दुसरी: मासाच नसेल तर पाणी आपोआप शुद्ध होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या विहिरीत पंधरा दिवस एकही मासा पडला नसता तर तिची विहीर ती निवळली असती. खाकीतल्या माणसाने आणलेला प्रत्येक नवा डबा त्या लेकुरवाळीला जेवू घालत होता, आणि हे टाळण्याजोगे एक वाक्य फक्त माझ्याजवळ होते.

आजीच्या झोपडीकडे आता वळतो. आलेल्याला थांबवून ठेवण्याची रीत जुनी आहे. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रगुझा शहराने साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तिसांचे चाळीस झाले आणि इटालियन चाळिसावरून क्वारंटीन हा शब्द आला. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी, छावण्या, घरझडत्या सुरू झाल्या. पुण्यात त्याचा अंमल कसा झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, हे मराठी माणसाला सांगावयास नको. 'सेग्रिगेशन' ह्या शब्दाला मराठीत जी कडू चव आली ती अजून पुरती गेलेली नाही. मला मात्र विशेष वाटते ते हे, की सोजिरांनी घरात घुसून केलेल्या त्या सेग्रिगेशनला शिव्या देणारी आजीच्या पिढीची माणसे आपल्या हाताने माळावर झोपड्या घालून तेच करत होती, आणि जावयालाही त्यात सूट नव्हती. लांब ठेवण्याला त्यांची ना नव्हती. लांब ठेवलेल्याला भाकरी कोण नेऊन देणार, हा त्यांचा प्रश्न होता. २०२० साली विलगीकरण हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी झाला, तेव्हा मला पुन्हा ती आठवली.

मुंबईतला ह्या विषयाचा शास्त्रीय भाग मोठ्या मजेदार जागी सुरू होतो: बोंबलात. १९३५ साली सेटना आणि बाना ह्या दोघा संशोधकांनी बोंबलाच्या शरीरात राहणाऱ्या एका सूक्ष्म परोपजीवीचे वर्णन केले व बोंबलाच्याच शास्त्रीय नावावरून त्याला आयमेरिया हार्पोडोनी असे नाव दिले. (खवय्यांनी घाबरू नये, तव्यावर तो टिकत नाही.) ह्याच डॉ. सेटनांकडे पुढे मुंबई सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याची सूत्रे आली. चं. वि. कुलकर्णी ह्यांनी १९४० साली आपल्या किनाऱ्याच्या खाड्यांतल्या एका चिमुकल्या, काचेसारख्या पारदर्शक माशाचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या नावात त्यांनी होरा आणि सेटना ह्या दोघांनाही गुंफले: होराइक्थिस सेटनाय. जेमतेम दोन सेंटिमीटरच्या माशावर दोन पंडितांची नावे म्हणजे जरा ओझेच झाले. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याची जात बदलून होरांना उतरवले, सेटना तेवढे राहिले.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. खर्च सुमारे आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवालांच्या देणगीचे. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांना मासा बाजूने कसा दिसतो ते तिथे प्रथम कळले. त्याआधी मासा म्हणजे टोपलीत वरून दिसणारा, किंवा ताटात. दादाच्या मनात पेटीचे वेड शिरले तेही तिथेच, शाळेच्या सहलीत. आणि १९६१ साली अंधेरीच्या बाजूला वेसाव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. वेसावे हे कोळ्यांचे गाव. मासा ताजा की शिळा हे कल्ला उचलून लाल रंगावरून सांगणाऱ्या बायका जिथे पिढ्यान्‌पिढ्या बसतात, त्याच गावाच्या वेशीवर कल्ल्यांतले जंतू मोजणारी माणसे येऊन बसली.

त्या बाजूलाच मत्स्यरोगांचा अभ्यास करणाऱ्या एका परिचिताने एकदा मला सूक्ष्मदर्शक डोळ्याला लावू दिला. रोगी माशाच्या अंगावरचा किंचित चिकटा काचेवर घेतला होता. आत एक गोल, राखी रंगाचा जीव जात्यासारखा सावकाश गरगर फिरत होता. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक स्पष्ट दिसत होते. "ही नाल दिसली की शंका उरत नाही," परिचित म्हणाले. पंचवीस वर्षे ज्याला मी मनात राक्षस करून ठेवले होते, तो इतका संथ आणि देखणा निघेल असे वाटले नव्हते. मग त्यांनी दुसरी काच ठेवली. तीत एक लांबट कृमी होता, जायरोडॅक्टिलस नावाचा, मागल्या आकड्यांनी कातडीला धरून पुढले तोंड लांबवणारा. त्याच्या पोटात एक लेक आणि त्या लेकीच्या पोटात नात, दोघी आकड्यांसकट तयार. आईच्या पोटातच आजी होणे हे कलियुगाच्याही पलीकडले आहे.

त्यांनी मला जे समजावले त्यात माझी एक मोठी समजूत चुकीची ठरली. मी धरून चाललो होतो की दुकानदाराने मला रोगी मासे विकले. तसे नसते, निदान नेहमी नसते. चांगल्या दिसणाऱ्या माशाच्या कल्ल्यांतही दोन-चार परोपजीवी असू शकतात. मोकळ्या पाण्यात एकाची पिले दुसऱ्या माशाला गाठण्याआधीच बहुतेक मरतात, म्हणून हिशेब सांभाळला जातो. तो बिघडतो प्रवासात. आज मुंबईत विकले जाणारे शोभेचे मासे बहुधा दूरचे असतात: कोलकात्याच्या आसपासच्या गावांतले, चेन्नईच्या कोळत्तूरमधले, किंवा परदेशातून आलेले. त्यांना आधी उपाशी ठेवतात, मग पिशवीत थोडे पाणी व बाकी प्राणवायू भरून तोंड बांधतात. त्या मूठभर पाण्यात त्यांचीच घाण साठते, अमोनिया कल्ले जाळतो, पाणी गार-गरम होते. पिशवी उघडण्यातही धोका असतो. बंद पिशवीत साठलेला कर्बवायू पाणी आंबट ठेवतो आणि आंबट पाण्यात अमोनियाचे विष सौम्य असते. पिशवी उघडून हवा लागली की तो वायू उडून जातो व तेच पाणी क्षणात जहाल होते. अशा थकलेल्या माशाला घाऊक टाकीत शेकड्यांनी भरतात, तिथून दुकानात, तिथून रविवारच्या कुर्ल्याच्या बाजारात, आणि तिथून लोकलच्या गर्दीत आपल्या घरी. मीठ-पीठ घेऊन निघालेल्या माणसाला पाच धर्मशाळांत मुक्काम करून सहाव्या घरी जेवायला बसवावे आणि मग तो खोकला घेऊन आला म्हणून त्याच्यावर डोळे वटारावे, असाच हा प्रकार.

उपायांचा इतिहास लहान आहे आणि त्यात मीठ सर्वांत जुने व सर्वांत भरवशाचे. लिटरला दोन-तीन ग्रॅम साधे मीठ हळूहळू वाढवत न्यावे, पाणी तीस अंशांपर्यंत ऊबदार करावे म्हणजे कवचातली पिले लवकर बाहेर पडतात, आणि हे दाणे दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवावे. मॅलाकाइट ग्रीन हा रंग माशांच्या औषधात १९३६ पासून आला. तो परिणामकारक खरा, पण विषारी, आणि खाण्याच्या माशांसाठी त्याच्यावर अनेक देशांत बंदी आहे. माशाची खरीखुरी ऊ, म्हणजे आर्ग्युलस, आणि नांगरासारखा रुतून बसणारा लर्निया, हे डोळ्यांना दिसतात व चिमट्याने काढता येतात. लर्नियाची जखम मात्र मागे राहते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे, कारण त्यातले क्लोरीन कल्ल्यांना सोसत नाही. काकूंची हळद अगदीच टाकाऊ नव्हती, एवढे त्यांच्या पश्चात कबूल केले पाहिजे: १९८८ साली ईशान्य भारतात माशांवर व्रणांचा भयंकर रोग आला तेव्हा तळ्यांत चुना टाकायला सांगितले गेले आणि त्याच्या जोडीला हळदही वापरली गेली.

त्या व्रणरोगाबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण माझ्या विहिरीची गोष्ट तिथे फार मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. १९७१ साली जपानमध्ये तो प्रथम दिसला, मग ऑस्ट्रेलियात, मग आग्नेय आशियातून बांगलादेशात, आणि १९८८ साली आसाम-त्रिपुरा-मेघालयात. बुरशीसारखा एक जीव माशाच्या मांसात शिरतो आणि अंगावर लाल खड्डे पडतात. बाजारात मासे कोणी घेईना. ज्यांच्या घरी चूल त्या मासळीवर पेटत होती त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. पुढे भुवनेश्वरच्या संस्थेने त्यावर सिफॅक्स नावाचे औषध काढले. जिवंत माशांच्या ने-आणीने, त्यात शोभेच्या माशांच्याही, तो देशोदेशी पोचला असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आणि सोनेरी माशाबरोबर जपानी आर्ग्युलस जगभर गेला ह्यात तर वादच नाही. कोणीतरी, कुठेतरी, मुका जीव म्हणून पेटी तळ्यात ओतली असणार. त्याच्याही आईने कानांवर हात ठेवले असतील.

आमची चाळ पाडून तिथे इमारत झाली तेव्हा विहीर बुजवली. तिच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. बुजवण्याआधी मी शेवटचे वाकून पाहिले होते. पाण्यावर प्लॅस्टिक होते, पाला होता, आणि पाल्याखाली गप्पींचा घोळका तोंडे हलवत होता. एकदा हा रोग होऊन वाचलेल्या माशाला तो पुन्हा सहसा होत नाही. त्या १९६४ मधल्या कोणाची ही पतवंडे असतील, की मागाहून आलेल्या डब्यांतल्यांची, हे गप्पींना विचारून काय उपयोग.

दादा आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण दिवाळी अंक तो अजून जाहिरातींसकट वाचतो, तेव्हा कावळ्यांची हकीकत त्याला ह्या पानावर सापडेल. परवाच्या परवा नातवाने हट्ट करून चार मासे आणले. मी त्याला पेटीपाशी जाऊ दिले नाही. गॅलरीत निळी बादली ठेवली, तिच्यात हवेची नळी सोडली, तिची जाळी निराळी, तिचा मगही निराळा, आणि बाहेरून खडूने तारीख लिहिली. तीस दिवस, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, ह्यांनी काय केलंय?" काही नाही केलेले, म्हटले, लांबून आलेत.

आज तेरावा दिवस. सकाळी एकाच्या शेपटीवर एक पांढरा दाणा दिसला. नातू शाळेतून यायच्या आत मिठाचा डबा गॅलरीत नेऊन ठेवला आहे.